खारफाटकाला ना हरकत

रेल्वेच्या रुळांनी आमच्या गावाचे दोन तुकडे केले ते माझ्या आजोबांच्याही आधी. पश्चिमेला वस्ती, देऊळ, शाळा आणि विहिरी. पूर्वेला खार जमीन, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेली भातशेती, तिच्या कडेला वीस-पंचवीस घरांचा पाडा आणि त्यापलीकडे मिठागरं. या दोन तुकड्यांना जोडणारं एक फाटक होतं. गाव त्याला खारफाटक म्हणायचं. फाटक पडलं की सायकली, स्कूटर, भाताच्या पेंढ्याचा टेम्पो, सगळं थांबायचं. एक लोकल जायची, मग दुसऱ्या बाजूने मालगाडी यायची आणि तिचे डबे संपता संपायचे नाहीत. मी तिथे उभा राहून रोज चिडचिड केली आहे. फाटकवाल्याशी भांडलोही आहे. आज कोणी ती ताटकळ मला परत दिली, तर मी बिनतक्रार उभा राहीन.

माझी मोठी बहीण लग्न होऊन त्या पाड्यात गेली. आम्ही तिला बाय म्हणतो. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं बायनेच केलं होतं. तिचं लग्न झालं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. वऱ्हाड फाटकाशी पोचलं आणि फाटक पडलं. नवरानवरी भर उन्हात उभी राहिली. बाय ती गोष्ट अजूनही तक्रारीच्या सुरात सांगते. माहेर आणि सासर यांच्यात तीनशे पावलांचं अंतर होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दप्तरासकट तिच्या दारात हजर झालो. तिच्या सासूने कपाळावर आठी घातली, पण जेवायला वाढलं. तेव्हापासून माझा तो रस्ता पडला तो पडलाच.

पुढे मी राज्य सरकारच्या नोकरीत लागलो. शेवटची वर्षं पालघरला, जिल्ह्याच्या ठिकाणी, महसूल खात्याच्या एका कार्यालयात अव्वल कारकून होतो. संध्याकाळी गाडीतून उतरलो की आधी फाटक ओलांडून बायकडे, तिथे चहा, दोन गोष्टी, आणि मग घरी. बायको म्हणायची, "तुमचं बिऱ्हाड तिकडे आहे, इथे तुम्ही मुक्कामाला येता." थट्टेत म्हणायची, पण सगळीच थट्टा नव्हती. बायचा नवरा गेल्यावर आणि तिचा मुलगा कामणच्या गोदामात नोकरीला लागून तिकडेच राहायला गेल्यावर तर माझं जाणं एकदाही चुकलं नाही. "बाला, आयलास?" एवढं ती आतूनच विचारायची. साठीला टेकलेल्या माणसाला बाला म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

नोकरीतल्या पहिल्या विभागीय परीक्षेचा अभ्यास मी बायच्या ओटीवर बसून केला होता. आमच्या घरात माणसं जास्त आणि दिवा एक, म्हणून तिकडे. घटनेतल्या तीन सूच्या मोठ्याने पाठ करत होतो. केंद्र सूची, राज्य सूची, समवर्ती सूची. संरक्षण केंद्राकडे, पोलीस राज्याकडे, रेल्वे केंद्राकडे, रस्ते राज्याकडे. बाय सुपात तांदूळ पाखडत होती. मधेच हात थांबवून म्हणाली, "मंग फाटक कोनाचा?"

प्रश्न चांगला होता. पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. मी नव्या नोकरीच्या तोऱ्यात तिला समजावलं की रूळ त्यांचे, रस्ता आपला, आणि फाटक म्हणजे दोघांची गाठ. त्यांना ते एकट्याने बंद करता येत नाही. राज्याचं "आमची हरकत नाही" असं पत्र लागतं.

"मंजे आपन नाय बोललाव, त बंद व्हनार नाय?"

"नाही होणार," मी म्हणालो.

तिने ते मनाशी पक्कं धरलं. मी परीक्षा पास झालो आणि विसरून गेलो.

केंद्र आणि राज्य म्हटलं की लोकांना मोठमोठी भाषणं आणि दिल्लीच्या वाऱ्या आठवतात. आम्हा कारकुनांना ते नातं रोजच्या टपालात दिसतं, आणि ते थेट लग्नातल्या दोन व्याह्यांसारखं असतं. कोणी कोणाला आधी नमस्कार करायचा यावरून सगळं घोडं अडलेलं. त्यांचं पत्र आलं की आमच्याकडे आधी बघायचे, सही कोणत्या हुद्द्याच्या माणसाची आहे. खालच्या हुद्द्याची असेल तर उत्तरही खालच्या हुद्द्याचं. त्यांनी "तातडीने" लिहिलं की आम्ही मुद्दाम आठवडाभर ठेवायचो. रूळ त्यांचे, गाड्या त्यांच्या, जमिनीचे मोठाले पट्टे त्यांचे. आमच्या हातात "नाही" म्हणणं तेवढं होतं. तो एवढासा अधिकार आम्ही फार जपायचो, कारण त्याशिवाय आमच्याकडे दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं.

तर असंच एक पत्र रेल्वेकडून आलं. जिल्ह्यातली काही समपार फाटकं बंद करायची आहेत, सोबतच्या यादीतील फाटकांबाबत राज्याची ना हरकत मिळावी. पत्र माझ्या टेबलावर आलं आणि मी आमच्या रीतीप्रमाणे ते ठेवून दिलं. मग स्मरणपत्र आलं. मग दुसरं. तिसऱ्या स्मरणपत्राची प्रत वरून थेट आमच्या साहेबांकडे आली आणि बैठकीत साहेबांना चार लोकांसमोर ऐकून घ्यावं लागलं. ते परत आले ते तापूनच. "आज संध्याकाळपर्यंत यादी निकालात काढा," म्हणाले.

यादीत फाटकांची नावं नसतात. क्रमांक असतो, कितव्या किलोमीटरवर ते असतं, आणि मौजे अमुक, तालुका वसई असं असतं. आमचं खारफाटक महसुली हद्दीने पलीकडच्या गावात मोडतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी त्याच तालुक्यात जन्मलो आणि त्याच खात्यात केस पांढरे केले. पण यादीत शेजारच्या गावाचं नाव वाचलं आणि माझा डोळा पुढे सरकला. प्रत्येक फाटकाचा नकाशा पत्राला जोडलेला होता, चार घड्या घालून टाचलेला. मी एकाही नकाशाची घडी उघडली नाही.

आमच्या बाजूने प्रत्येक फाटकाचा स्थळपाहणी अहवाल जोडायचा असतो. माणसाने तिथे जायचं, रहदारी बघायची, आजूबाजूच्या लोकांना विचारायचं, पर्यायी रस्ता किती लांब पडतो ते लिहायचं. हे अहवाल कसे लिहिले जातात ते आमच्या खात्यातल्या कोणालाही विचारा. म्हणजे विचारू नका, कोणी सांगणार नाही. मी खुर्चीतून न उठता सगळे अहवाल लिहिले. "स्थळपाहणी केली. रहदारी तुरळक आढळली. भुयारी मार्गाची व्यवस्था करण्याच्या अटीवर बंद करण्यास हरकत नसावी." एक मसुदा आणि खाली फक्त क्रमांक बदलत गेलो. साहेबांनी माझ्यावर विसंबून सह्या केल्या. टेबल मोकळं झालं म्हणून मला हलकं वाटत होतं. त्या संध्याकाळी उतरलो, फाटक पडलेलं होतं, मी नेहमीसारखा चिडलो आणि बायकडे जाऊन चहा प्यायलो.

तीनेक महिन्यांनी फाटकाच्या खांबावर नोटीस लागली. अमुक तारखेपासून हे फाटक कायमचं बंद. खाली बारीक अक्षरात, राज्य शासनाच्या संमतीनुसार, आणि पुढे आमच्या पत्राचा जावक क्रमांक. तो क्रमांक मी ओळखला. जावक रजिस्टरात तो माझ्याच अक्षरात होता. मी तिथे उभा होतो, माझ्यामागून कोणीतरी "काका, सरका जरा" म्हणालं, आणि मी सरकलो.

बायकडे गेलो तेव्हा पाड्यातल्या चार-पाच बायका तिच्या अंगणात बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून पालघरला अर्ज घेऊन जायचं ठरत होतं. अर्ज लिहूनही झाला होता, कोणाच्या तरी शाळेत जाणाऱ्या मुलीच्या सुरेख अक्षरात. मला बघून बाय म्हणाली, "हा बगा, आयला. आता तुमी उनातानात कनाला जाताव? माजा भाव तिथंच बसतो. सरकार नाय बोलला त फाटक बंद व्हत नाय. त्यानंच मना सांगलेला हाय."

बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यातली शेजारची काकू म्हणाली, "भाऊ, तुमी बगाल ना मंग?"

"बघतो," मी म्हणालो.

हा शब्द मी नोकरीभर किती लोकांना ऐकवला असेन. त्याचा अर्थ काय होतो हे ऐकणाऱ्यालाही कळतं. पण त्या बायकांना कळला नाही, कारण मी बायचा भाऊ होतो. अर्ज तिथेच घडी होऊन बायच्या फडताळात गेला. कोणी पालघरला गेलं नाही.

मी काहीच केलं नाही असं नाही. साहेबांकडे गेलो, म्हणालो, त्या एका फाटकाचं पत्र मागे घेता येईल का. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं. "कारण काय देऊ?" त्यांनी विचारलं. "तुमची बहीण पलीकडे राहते म्हणून शासनाने शब्द फिरवायचा? उद्या आपण खरोखर नाही म्हणायची वेळ आली, तर आपलं नाही कोण ऐकेल?" त्यांचं बरोबर होतं. मग मी रेल्वेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने फाईल उघडून माझाच अहवाल माझ्यापुढे धरला. "तुमच्या राज्याने लेखी दिलंय. आम्ही परस्पर काही करत नाही," म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

एक वाट शिल्लक होती. अहवाल खोटा आहे, मी स्थळपाहणी केली नाही, असं मी लेखी द्यायचं. मग संमतीचा पायाच निखळला असता आणि साहेबांना पत्र मागे घ्यावं लागलं असतं. तसं पत्र मी लिहिलंसुद्धा. घरी जेवणाच्या टेबलाशी बसून, स्वच्छ अक्षरात. निवृत्तीला दीड वर्ष होतं. निलंबन, चौकशी, पेन्शन अडकणं, हे सगळं मी इतरांचं होताना पाहिलं होतं, त्यातल्या काही फाईली मीच चालवल्या होत्या. बायकोने पत्र वाचलं आणि ते माझ्यासमोर ठेवून ती आत गेली. मी ते पिशवीत घालून महिनाभर पालघरला नेलं आणि आणलं. मग फाटक बंद झालं आणि पत्राचा उपयोग संपला.

आधी फाटकाच्या तोंडाशी जुन्या रुळांचे तुकडे उभे रोवले, मग दोन्ही बाजूंनी भिंत आली. भुयारी मार्गाची अट मी घातली होती आणि ती पाळली गेली, म्हणजे रुळांखालचा भाग पाळला गेला. काँक्रीटची मोठी पेटी रुळांखाली सरकवली, तो त्यांचा हिस्सा. तिच्या दोन्ही तोंडांशी उताराचे रस्ते करायचे तो आपला हिस्सा. पश्चिमेचा रस्ता कोणी करायचा यावर आमच्याच दोन खात्यांचा पत्रव्यवहार सुरू आहे. पूर्वेला जिथे रस्ता उतरायला हवा ती पट्टी मिठागराची निघाली, आणि मिठागर पुन्हा केंद्राचं, वेगळ्या खात्याचं. त्यामुळे जमिनीखाली ती पेटी तयार आहे आणि तिच्यात शिरायला वाट नाही. पावसाळ्यात तिच्यात पाणी भरतं. त्यात बेडूक असतात.

आता बायकडे जायचं तर रिक्षा करून माणिकपूरला जायचं, तिथून पूल चढून पूर्वेला उतरायचं आणि मागे फिरून पाड्याकडे यायचं. पुलावर गाड्या अडल्या की तास मोडतो. पहिला महिना मी रोज गेलो. मग दिवसाआड. मग रविवारचा रविवार. मी निवृत्त झालो, गुडघे दुखू लागले, ही कारणं खरी आहेत. पण तीनशे पावलांचा रस्ता असता तर मी गुडघे धरत का होईना गेलो असतो. बायला तर तिच्या वयात एवढा फेरा करणं शक्यच नव्हतं. देवळातल्या सप्त्याला ती वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत बसायची. त्या वर्षी ती आली नाही. भजनाचा आवाज भिंतीपलीकडे नीट ऐकू येतो, असं तिने मला फोनवर सांगितलं.

पाड्यातल्या बायकांनी तिला तोंडावर काही ऐकवलं नाही. पण मी गेलो की मला दिसायचं, अंगणात कोणी येऊन बसत नाही. तिनेच त्यांना अडवलं होतं. अर्ज तिच्याच फडताळात होता.

शेवटी एका रविवारी मी तिला सगळं सांगितलं. यादी, क्रमांक, न उघडलेला नकाशा, खुर्चीत बसून लिहिलेला अहवाल. ते पत्रही, जे मी दिलं नाही. ती लसूण सोलत होती. मी बोलत असताना तिने सोलणं थांबवलं नाही.

"पानी केली मंजे काय लिवलास?" तिने विचारलं. पाहणी हा शब्द ती तसा म्हणाली.

"की मी इथे येऊन फाटक बघून गेलो. रहदारी नाही असं लिहिलं."

तिने हातातली पाकळी सोलून संपवली. मग म्हणाली, "पन बाला, तू त रोज येत व्हतास."

मला वाटलं होतं ती रागावेल, आणि मी तयारही होतो. आईविना वाढलेल्या पोराला रागावणाऱ्या बहिणीचा राग सोसायची सवय असते. पण ती रागावली नाही. तिला खरंच समजत नव्हतं, रोज येणाऱ्या माणसाला बघण्यासाठी वेगळं यावं कसं लागतं, आणि रोज येऊनही त्याला दिसलं कसं नाही. मी समजावायला गेलो आणि माझ्या तोंडून सगळे कचेरीतले शब्द येऊ लागले. मला रडू आलं. तिने लसणाच्या साली गोळा केल्या, आत नेऊन टाकल्या, आणि बाहेर येऊन मला म्हणाली की पुलावर गर्दी व्हायच्या आत नीघ.

त्यानंतरच्या दोन रविवारी मी गेलो नाही. हिंमत झाली नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तर ती एकटी नव्हती. शेजारची काकू ओटीवर बसली होती, तीच जिने मला "बगाल ना मंग" विचारलं होतं. तिच्या नवऱ्याला छातीत दुखू लागलं म्हणून रिक्षातून माणिकपूरच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तेव्हा पुलावर ते अडकून राहिले होते. तो वाचला, पण अंथरुणावर आहे. गाऱ्हाणं सांगता सांगता ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"भाऊ, तुमी त तिथंच व्हताव ना? मंग ती सही कोनी होव दिली?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती मनापासून विचारत होती. मी तोंड उघडलं. सांगायचं मी ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं, निदान आज तसं वाटतं. पण माझ्याआधी बाय बोलली.

"तवा यो तिथं नव्हता. याची बदली झाल्ती. मनाच ठावा नव्हता, आनि मी तुमाला उगाच थांबवला. माजी चूक झाली ती."

खोटं बोलताना मी बायला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ती ते इतकं सरळ बोलली की काकूने मान डोलावली, म्हणाली, "असा झाला व्हय." आणि माझ्याकडे बघून हळहळली, की मी तिथे असतो तर असं झालं नसतं. मी खाली बघत राहिलो. नव्हतो असं म्हणालो नाही, होतो असंही म्हणालो नाही.

काकू उठून गेली. बाय तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होती. माझ्याकडे न वळताच ती म्हणाली, "यापुरं कोनी इचारला, त तू पन हेच सांग."

मी तेच सांगत आलो आहे.